भुवई

पर्सिमनच्या बागेमागच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं उभी होती ती.
सवाना, सन त्र्याहत्तर,
रंग कधीकाळी पिवळा.
चाकांच्या कमानी बोट लावताच भुगा होऊन पडत.
सीटच्या स्प्रिंगांत उंदरांचे संसार,
आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात
ओमिशिमाच्या फेरीबोटीचं एकच तिकीट,
जाण्याचं.

वेल्डिंगचा चश्मा मी नोव्हेंबरात चढवला,
उतरवला मे महिन्यात.
खाऱ्या वाऱ्याने जे जे खाल्लं होतं
ते तिला वीतवीत पत्र्याने परत दिलं.

मग इंजिन.
त्यासाठी काजिओका-सान आले,
ऐंशीला टेकलेले, मोपेडवरून,
स्वतःचं स्टूल मागे बांधून.
सव्वीस वर्षं कारखान्यात जोडणीच्या लाइनवर.
बोल्ट सैल करताना ते बघत नाहीत, ऐकतात.
"ह्याला पिस्टन नाही," म्हणाले,
"वर-खाली नाही, धाप नाही.
नुसती गिरकी."
रोटर बाहेर आला,
फुगीर बाजूंचा त्रिकोण,
चुलीत विसरलेल्या भाताच्या मुटक्यासारखा
काळाकुट्ट.
टोकांची सीलं झिजून झिजून नखाएवढी उरलेली.

आणि बाजूच्या पाटीवर,
जिथे कुणी कधी बघत नाही तिथे,
टोच्याने मारलेले तीन ठिपके.

ते स्टुलावर बसले.
"माझे."
एवढंच.
दोघांचाही चहा गार झाला.

आता त्याच पाटीला मला कापायचं होतं:
हवेच्या खिडकीलगत एक कोर,
भुवईसारखी,
मध्ये धातूचा अरुंद पूल राखून.
तेवढ्याने इंजिन मोठे घोट घेतं,
नऊ हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळत जातं.
केसभर जास्त कापलं तर पलीकडे पाणी,
पाणी लागलं की पाटी भंगारात,
आणि दुसरी शोधायला आणखी एक जन्म.

मी ग्राइंडर खाली ठेवला.
म्हटलं, राहू दे.
जशी होती तशीच जोडू,
तुमच्या हातची.

त्यांनी चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला, बराच वेळ.
"लाइनवर एका पाटीला सव्वाचार मिनिटं मिळायची.
घरी जाताना रोज वाटायचं,
ही खिडकी आणखी उघडी हवी होती.
सांगणार कुणाला?
माझं काम ठिपके मारायचं."
माझी खडूची रेघ त्यांनी अंगठ्याने पुसली
आणि पुन्हा काढली,
माझ्यापेक्षा बाहेर.
"इथे ओतीव जाड आहे.
नकाशात नाही. पण आहे."

ओकायामाच्या ट्रॅकवर, ऑक्टोबरात,
बावीस गाड्यांत आम्ही नववे.
दोन फेअरलेडी सरळ रस्त्यावर हात हलवत गेल्यासारख्या गेल्या.
सहाव्या फेरीपासून ब्रेकचं पेडल गादीसारखं मऊ.
केसेत घाम, तोंडात पेट्रोलची चव,
उजवा गुडघा दाराच्या कडीवर आपटून आपटून निळा.
पण मागची ती लांब सरळ वाट!
सुई नऊ हजारांवर,
नळीतून वीतभर नारिंगी जीभ,
आणि कुणीतरी आभाळाएवढं मांजरपाट
एका दमात टराटरा फाडावं
तसा आवाज.
हेल्मेटच्या आत मी ओरडत होते.
काय, ते मलाही ऐकू आलं नाही.

पिटमध्ये परतले.
काजिओका-सान भिंतीशी, स्टुलावर,
पाठ ट्रॅककडे,
कानातले बोळे काढून मुठीत धरलेले.
एकही फेरी त्यांनी पाहिली नव्हती.

"पाचवीनंतर मागचा रोटर सुरातून जरा उतरतोय,"
ते म्हणाले.
"उद्या उघडू."

उद्या त्यांना डॉक्टरांनी बोलावलं होतं, सकाळी नऊला.
मी आठवण दिली नाही.